गार्ड काढून ठेवलंय!

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी नववीच्या वर्गात हजेरी घेत होतो. एक मुलगा 'हाजिर' म्हणाला, पण मान वर करेना. जवळ जाऊन पाहिलं तर उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. "काय झालं रे?" म्हटलं. "कुछ नहीं सर, कचरा गया था." मागच्या बाकावरून लगेच कुणीतरी ओरडलं, "सर, ये मामू के गाले पे ग्राइंडर चला रहा था!" वर्ग हसला. तोही हसला. आमच्या मुलांची ही सवय आहे, दुखलेल्या गोष्टीवर आधी हसून घ्यायचं.

मधल्या सुट्टीत त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि हळूहळू सगळं कळलं. मामूचा स्टीलच्या रेलिंगचा धंदा. ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून कल्याणच्या खाडीपर्यंत टॉवर उभे राहताहेत, प्रत्येकाला जिन्याला, बाल्कनीला चकचकीत रेलिंग हवं. वेल्डिंग झालं की जोड घासून काढायचा आणि बफ लावून आरशासारखा चमकवायचा. भाच्याला 'सोपं' काम म्हणून पॉलिशचं दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यात काहीतरी खुपलं. गाळ्यावरच्या एका कारागिराने काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून ते काढायचा प्रयत्न केला. निघालं नाही. रात्री डोळा लालभडक. घरच्यांनी बटाट्याची चकती ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं ते दोन दिवसांनी. लोखंडाचा बारीक कण बुबुळात रुतला होता आणि त्याच्या भोवती गंजाचं कडं धरलं होतं. डोळ्याच्या ओलाव्यात लोखंडाला गंज चढायला एक दिवससुद्धा पुरतो. डॉक्टरांनी कण काढला, कडं खरवडलं. डोळा वाचला. डाग राहील म्हणाले.

संध्याकाळी त्याच्या अब्बांना फोन केला. "अल्लाह का शुक्र है सर, आँख बच गयी. किस्मत में लिखा था." शुक्र मीही मानला. पण दुसरं वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. किस्मत हा शब्द आपल्या मोहल्ल्यात फार सोयीचा झाला आहे. घोडा पडला तर किस्मत, भिंत पडली तर किस्मत, करंट लागला तर किस्मत. उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा ही हदीस मदरशातल्या पोरालाही पाठ असते. ग्राइंडरच्या बाबतीत मात्र आपण उंट मोकळा सोडतो आणि तो पळाला की तवक्कुलच्या गोष्टी करतो.

पुढच्या रविवारी मी शीळफाट्याच्या बाजूला त्या गाळ्यावर गेलो. भांडायला गेलो नव्हतो, पाहायला गेलो होतो. पाच-सहा मुलं काम करत होती, सगळ्यांच्या हातात चार इंची ग्राइंडर. एकाही ग्राइंडरवर गार्ड नव्हतं. डिस्कच्या अर्ध्या भागावर बसणारी ती पत्र्याची अर्धगोल टोपी, तिला मी गार्ड म्हणतोय. "गार्ड कुठे आहेत?" असं विचारल्यावर मामूने कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. "निकाल के रखा है सर." डब्यात सात गार्ड होते, नव्यासारखे, काहींवरचा रंगही उडालेला नव्हता. मशीन घरी आलं त्याच दिवशी काढलेले.

आता इथे मामूला मूर्ख ठरवणं सोपं आहे, आणि मी बीएडला शिकलेला माणूस असल्यामुळे तो मोह मला चटकन होतो. पण तो मूर्ख नाही. त्याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. गार्ड लावलं की पाइपच्या कोपऱ्यात मशीन घुसत नाही. चार इंची मशीनला पाच इंची डिस्क लावता येत नाही, आणि पाच इंची डिस्क लावली की काम लवकर उरकतं. चष्म्याचं विचारलं तर म्हणाला, घामाने वाफ धरते, अर्धं दिसतं, अर्धं दिसलं की हात चुकतो. काम फुटावर ठरलेलं, जितके फूट तितके पैसे. "आप बोलते हैं सही है सर, मगर टाइम कौन देगा?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही अर्धंच आहे.

सोमवारी मी नववीच्या मुलांना मराठीच्या तासाला गणित घातलं. त्यांना वाटलं सर बिघडले. चार इंची ग्राइंडरवर छापलेला वेग साधारण ११,००० फेरे मिनिटाला. डिस्कचा व्यास १०० मिलिमीटर. तर डिस्कची कड ताशी किती किलोमीटरने पळते? मुलांनी फळ्यावर केलं. एका सेकंदात १८३ फेरे, एका फेऱ्यात सुमारे ३१ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ मीटर. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. आपली कल्याण फास्ट शंभराच्या आसपास पोहोचली की दारातल्या माणसाच्या डोळ्यातून पाणी येतं. त्याच्या दुप्पट वेगाने पळणारी वस्तू आपण तोंडापासून दीड हातावर धरतो, चष्मा न लावता. मग मी विचारलं, याच मशीनला सात इंची डिस्क लावली तर? फेरे तेच, कड मोठी. उत्तर आलं सेकंदाला १०३ मीटर. डिस्कवर काय छापलेलं असतं? जास्तीत जास्त ८० मीटर सेकंदाला. त्या एका गणिताने वर्ग गप्प झाला. डिस्क का फुटते हे त्यांना माझ्याकडून ऐकावं लागलं नाही.

पॉलिशच्या बाबतीत तर ही गोष्ट जास्तच. लोकरीचा बफ, स्पंजचा पॅड, ओल्या पॉलिशचे हिऱ्याचे पॅड, हे सगळे कमी वेगाचे पाहुणे. गाडी पॉलिश करायचं खरं मशीन मिनिटाला सहाशेपासून तीन हजारांपर्यंत फिरतं. आपण काय करतो? एकच ग्राइंडर घेतो, त्याला अडॅप्टर लावतो आणि बफ चढवतो. तीन-चार हजारांसाठी बनलेला पॅड अकरा हजारांवर पळवतो. मग पॅड उडाला की म्हणतो, चायना माल होता. पॅडच्या पाठीवर आकडा छापलेला असतो आणि मशीनच्या पट्टीवरही. मशीनचा आकडा पॅडच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर ती जोडी जमवायची नाही, इतकं साधं आहे. घासायच्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतही छापलेली असते, हे माझ्या मुलांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्या कोकणी पावसात दमट गाळ्यात दोन पावसाळे पडून राहिलेली डिस्क बाहेरून ठणठणीत दिसते, पण आतला राळेचा जोड कमजोर झालेला असतो. आणि कापायची पातळ डिस्क आडवी धरून घासणं, हे तर मी त्या रविवारी डोळ्यांनी पाहिलं. ती डिस्क कडेने कापायला बनवलेली आहे. बाजूने दाब पडला की ती तडकते.

इथे जरा भाषेच्या मास्तरची सवय सहन करा. उर्दूत 'सैकल' म्हणजे घासून आणलेली चमक, आणि ती आणणारा सैकलगर. हाच शब्द मराठीत येऊन शिकलगार झाला. आपल्यातली शिकलगार आडनावाची कुटुंबं सांगली-साताऱ्यापासून पुण्यापर्यंत आहेत. त्यांचे पूर्वज तलवारींना धार लावायचे, पातं उजळायचे. उर्दू शायरीत सैकल आणि आईना हातात हात घालून येतात, कारण त्या काळी आरसा पोलादाचाही असे आणि तो घासूनच आरसा व्हायचा. म्हणजे चमकवण्याचा हा धंदा आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. पण जुनं सहाणेचं चाक माणूस फिरवायचा, पायाने किंवा पट्टा ओढून. शागीर्द थकला की चाक मंद व्हायचं. काही अडकलं की चाक थांबायचं, कारण ओढणाऱ्याला ते हाताला जाणवायचं. त्या चाकासमोर बसायच्या सवयी, उघडे डोळे, मोकळी बाही, गप्पा मारत काम, त्या वेगाला चालून जायच्या. आपण सवयी त्याच ठेवल्या आणि चाक बदललं. विजेच्या मोटरला तुमचं बोट आणि स्टीलचा पाइप यातला फरक कळत नाही. उस्तादांनी हात शिकवला, नजर शिकवली, चमक कुठे येते ते शिकवलं. या नव्या वेगाशी कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, ते शिकवणार कुठून?

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. मागच्या वर्षी ईदच्या दोन दिवस आधी मला अब्बांचा पितळेचा लोटा चमकवायची हौस आली. चिंच लावून राखेने घासायचं सोडून मी ड्रिल मशीनला लोकरीचा बफ लावला. लोटा एका हातात, मशीन दुसऱ्या हातात. गोलाईवर छान चमक येत गेली तसा मी खुशीत आलो आणि बफ लोट्याच्या काठावर नेला. काठ फिरत्या बफच्या तोंडावर आला आणि पुढचं मला दिसलंच नाही. लोटा हातातून सुटला, भिंतीवर आपटला, तिथून मोरीत. माझ्या अंगठ्याला दोन टाके. बायको म्हणाली, "अब्बांनी चाळीस वर्षं त्या लोट्याने वजू केलं, कधी अंगावर नाही आला." लोट्याला पोचा आला आहे तो आहेच.

नंतर एका जुन्या बफिंगवाल्या चाचांना विचारलं तर ते हसले. काठ नेहमी बफच्या फिरण्याच्या दिशेला पाठ करून ठेवायचा, म्हणजे बफ वस्तूवरून उतरून गेला पाहिजे, काठावर चढता कामा नये. टेबलावरच्या बफवर काम असेल तर वस्तू चाकाच्या मधल्या रेषेच्या खाली धरायची, म्हणजे सुटलीच तर जमिनीकडे जाते, छाताडाकडे येत नाही. दागिन्याची साखळी कधीही मोकळी धरायची नाही, लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासायची, नाहीतर साखळी बोटासकट गुंडाळली जाते. साठीतल्या या माणसाच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. त्यांना हे ज्ञान कुठून मिळालं ते विचारायची गरज पडली नाही.

कपड्यांचं बोलायला हवं, कारण इथे आपल्या सवयी आडव्या येतात. जुम्म्याला मुलं नमाजहून थेट कामावर येतात, अंगात लांब बाह्यांचा कुर्ता. गळ्यात तावीजचा काळा धागा, मनगटाला दोरा, कुणाच्या गळ्यात रुमाल. घरी बारीकसारीक पॉलिशचं काम घेणाऱ्या बायकांच्या अंगावर ओढणी असते. फिरणाऱ्या बफला यातलं एक टोक मिळालं की पुरतं. तावीज कुर्त्याच्या आत घालावा, नाहीतर काम होईपर्यंत काढून खिशात ठेवावा. त्यात बेअदबी काही नाही. ओढणी मागे घट्ट बांधावी किंवा डोक्याला टोपीसारखं फडकं बांधावं. हातमोज्यांचा मात्र घोटाळा आहे. हातातल्या ग्राइंडरसाठी घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चांगले. टेबलावरच्या बफसमोर सुती, ढिले मोजे घालून बसणं मोज्यांशिवाय बसण्यापेक्षा वाईट, कारण सूत चाकात शिरलं की हातही मागोमाग जातो.

आणखी एक आपल्या भागाची खास गोष्ट. लाइट गेली. ग्राइंडरचा खटका लॉक केलेला तसाच राहिला, मशीन जमिनीवर ठेवून पोरगा चहाला गेला. वीस मिनिटांनी लाइट आली आणि मशीन आपोआप सुरू होऊन गाळाभर नाचलं. हे मला एक नाही, तीन मुलांनी सांगितलं, विनोद म्हणून. लाइट गेली की आधी प्लग काढायचा. डिस्क बदलतानाही प्लग काढायचा, नुसता खटका बंद करून भागत नाही. आणि प्लग काढायचा तर आधी प्लग असायला हवा! वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकण्याची आपली पद्धत कधी जाणार, देव जाणे.

आता मला ज्या गोष्टीचं सर्वात जास्त वाटतं तिच्याकडे येतो. डोळ्यात गेलेला कण निदान कळतो. छातीत गेलेला कळत नाही.

ठाण्यात किंवा कल्याणात नवा फ्लॅट घेतला की पहिलं काम किचनचा ओटा. ग्रॅनाइट येतो, जागेवरच कापतात, कड गोल करतात, पॉलिश करतात. सोसायटीच्या नियमात सगळं असतं. काम दहा ते सहा, दुपारी दोन तास बंद, रॅबिट लिफ्टने न्यायचं नाही, धूळ बाहेर येऊ नये म्हणून दार-खिडक्या लावून घ्याव्यात. पाणी वापरू नये, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. हे नियम ज्याने लिहिले त्याने त्या बंद खोलीत पाच मिनिटं बसून पाहावं. पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ, तोंडाला रुमाल बांधलेला एक मुलगा आणि सुकाच चाललेला ग्राइंडर. संगमरवर बहुतेक चुनखडीचा, त्यात सिलिका फारशी नसते. ग्रॅनाइटमध्ये साधारणपणे वीस ते चाळीस टक्के असते. आणि आता जो कृत्रिम क्वार्ट्झचा ओटा फॅशनमध्ये आला आहे त्यात नव्वद टक्क्यांच्या वर. सिलिकाचा बारीक कण फुफ्फुसात जाऊन बसला की बाहेर येत नाही. फुफ्फुस तिथे घट्ट होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर इलाज नाही. क्वार्ट्झचे ओटे घासणाऱ्या तरुण कारागिरांना हा रोग झाला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर देशभर बंदी घातली. आपल्याकडे त्याचीच जाहिरात लोकलच्या डब्यात लागते.

आपल्याकडे हा रोग नवा नाही, फक्त त्याचं नाव आपण टीबी ठेवलं आहे. बोटातली अकीकची अंगठी बघा. पुष्कळजण सवाबाच्या भावनेने घालतात. तो अकीक बहुधा गुजरातेतल्या खंभातहून आलेला असतो. तिथला हा धंदा शतकांचा, आणि हबशी पीर बाबा घोर यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. रतनपूरच्या खाणीजवळच त्यांचा दर्गा आहे. खंभातला कारागीर हा दगड विजेच्या चाकावर घासतो, पुष्कळदा घरातच, त्यामुळे धूळ त्याच्या बायको-मुलांच्याही श्वासात जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथला सिलिकोसिस अभ्यासून नोंदवला आहे. याच संस्थेने मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांचाही अभ्यास केला होता. मी स्वतः पहिलीत त्या राखाडी पेन्सिलीने 'अलिफ' गिरवला. ती पेन्सिल मी चघळायचो, माझी अम्मी ओरडायची. दगड कापून ती बनवणाऱ्यांची छाती भरून जात होती, हे मला शिक्षक होऊन दहा वर्षं झाल्यावर कळलं.

उपाय आहे आणि तो जुनाच आहे, पाणी. दगड ओला ठेवून कापला, ओला ठेवून घासला तर धूळ उडायच्या आधी चिखल होऊन खाली बसते. पण वीज आणि पाणी एकत्र आलं की मुलाला जी भीती वाटते ती खरीच आहे. साधा ग्राइंडर घेऊन त्यावर बाटलीने पाणी सोडायचं, ही आपली नेहमीची पद्धत म्हणजे एका मृत्यूपासून वाचायला दुसऱ्याच्या दारात जाणं. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, म्हणजे त्याला दुहेरी आवरण आहे. त्याचा अर्थ ते पाण्यात चालतं असा नाही. ओल्या कामासाठी बनवलेलं, पाण्याची नळी जोडलेलं मशीन वेगळं मिळतं. त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. करंट अंगातून जमिनीत जाऊ लागला की तो क्षणात लाइन तोडतो. नव्या इमारतींमध्ये हा ब्रेकर बहुतेक घरात असतो, पण कारागीर काम करतो तात्पुरत्या लाइनवर, जिन्यातल्या बोर्डावरून ओढलेल्या. फ्लॅटच्या मालकाने इतकंच केलं तरी पुष्कळ होईल. कारागिराला आपल्या घरातल्या ब्रेकरमागचा सॉकेट द्यावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि सेक्रेटरीशी दोन शब्द भांडावं. शक्य असेल तर ओट्याची कड दुकानातूनच ओली घासून आणावी.

मास्कचं म्हणाल तर रुमाल हा मास्क नव्हे. सिलिकाचा जो कण मारतो तो डोळ्याला दिसत नाही आणि रुमालाच्या विणीतून आरामात जातो. एन-९५ चालतो, कोरोनामुळे तो शब्द आता सगळ्यांना पाठ आहे. पण एक अडचण आपल्यापुरती आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दाढीवर हा मास्क चिकटून बसत नाही. कडेने हवा आत येते आणि हवेबरोबर धूळही. मी स्वतः दाढी ठेवतो, तेव्हा हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. ब्रिटनमधल्या दाढीवाल्या शीख डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात दाढीवर रबरी पट्टा घट्ट बांधून त्यावर मास्क लावायची पद्धत वापरली होती. आपल्याकडे कुणी करून पाहायला हरकत नाही. तरीही दाढीवाल्या कारागिराने मास्कपेक्षा पाण्यावर जास्त भरवसा ठेवावा हे बरं.

कायदा काय म्हणतो असं मला मुलांच्या पालकसभेत विचारलं गेलं, म्हणून वाचलं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचं वेगळं कलम होतं, ३५ वं. फिरत्या यंत्राला झाकण असावं याचं २१ वं. पण मूळ कायदा वीज वापरणाऱ्या जागी दहा माणसं असतील तर लागू व्हायचा. मामूच्या गाळ्यावर सहा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात तर अवयवांचा तक्ताच दिला होता. दुसरा डोळा धड असताना एक डोळा गेला तर कमाईची ४० टक्के क्षमता गेली असं धरायचं, अंगठा गेला तर ३० टक्के. पण तक्ता उघडायला आधी तुम्ही कामावर होता हे सिद्ध व्हायला लागतं, आणि ज्याची हजेरी मामूच्या डोक्यात असते तो काय सिद्ध करणार?

बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदाच्या आतल्या मुलाला शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायची मुभा राहिली, धंदा धोक्याच्या यादीतला नसेल तर. आणि 'घरच्या'मध्ये कायद्याने मामासुद्धा धरला आहे. माझ्या विद्यार्थ्याला चौदा पूर्ण झाली आहेत, त्याचं प्रकरण त्याहून धूसर. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. मंत्री आले, चौकशी लागली, कारखाने हलवायच्या घोषणा झाल्या. व्हायलाच हव्यात. पण एकेका डोळ्याने, एकेका बोटाने जे जातं त्याचा आवाज होत नाही, आणि त्याची मोजदाद करायला कुणी येत नाही.

मुलांनी सुट्टीत कामाला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. म्हणालो तरी ते जातील, आणि घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण अठरा पूर्ण होण्याआधी त्यांच्या हातात ग्राइंडर देऊ नये, हे मी मामूंना, चाचांना, भाईजानना स्पष्ट सांगतो. मोजमाप घेऊ द्या, माल लावू द्या, हिशेब लिहू द्या. आमच्या मुलांचा हिशेब चांगला आहे, मी हमी देतो.

आणि शाळेचं काय? वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आहे. त्यात आम्ही वर्षानुवर्षं कागदाची फुलं करतो. नववीतल्या ज्या मुलाला दोन वर्षांनी ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगच्या जगात उतरायचं आहे, त्याला मी कागदी गुलाब शिकवतो आणि गुण देतो. यंदा मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दोन तास बदलले. बंद ग्राइंडर वर्गात आणला, प्लग कापून टाकलेला. मुलांनी तो खोलला, आकडे वाचले, गार्ड लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग एक तक्ता करायचा ठरला, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, गाळ्याच्या भिंतीला लावण्यासाठी.

तिथे माझी फजिती झाली. मशीनसोबतचं पुस्तक इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी ऐटीत भाषांतर केलं, 'संरक्षक आवरण काढू नये', 'सुरक्षा चष्मा परिधान करावा'. मुलं एकमेकांकडे बघू लागली. एकाने विचारलं, "सर, आवरण बोले तो?" एमआयडीसीच्या फाटकावरच्या पाट्या अशाच मराठीत असतात आणि त्या कुणी का वाचत नाही ते मला त्या दिवशी समजलं. उर्दूतही मी 'हिफाजती ऐनक' लिहिलं होतं, तेही तसंच कोरडं. शेवटी मुलांच्या भाषेत लिहिलं. 'गार्ड काढलंस तर पुढचा नंबर बोटाचा.' मशीन अडकून मागे उसळतं त्याला मी 'प्रतिक्षेप' लिहिणार होतो. मुलं त्याला 'मशीन लात मारते' म्हणतात. तेच ठेवलं. 'डोळ्यात गेलं तर चोळू नको, काडी घालू नको, झाकून डॉक्टरकडे पळ' ही ओळ त्या पट्टीवाल्या मुलाने स्वतः लिहिली, दोन्ही भाषांत, आणि उर्दूतली त्याची लिखाई वर्गात सगळ्यात सुंदर आहे.

तक्ता घेऊन तोच मामूकडे गेला. भिंतीला लागला म्हणे, कॅलेंडरच्या शेजारी. पंधरा दिवसांनी मामूचा फोन आला. सहा गार्ड बसले, सातव्याचा स्क्रू सापडत नाही, आणि वाफ न धरणारा चष्मा सर कुठे मिळतो? मी म्हटलं, नागदेवी स्ट्रीटला मिळेल. शनिवारी अर्धी शाळा आहे, दुपारच्या लोकलने मस्जिद बंदरला उतरून दोघे जाऊन बघणार आहोत. भाचाही येतो म्हणतोय.